एकवीस दिवसांचे मौन

जगात शांती नांदावी अशी इच्छा धरणे ही मनुष्याची थोरवी आहे, यात शंका नाही. परंतु त्या इच्छेला एक सोयही आहे: जग फार दूर असते. दूरच्या मनुष्यावर प्रेम करता येते, त्याला क्षमा करता येते, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणीही आणता येते. कठीण असतो तो हातभर अंतरावर उभा असलेला मनुष्य. आणि आपण त्याचे अहित केले आहे व ते केवळ आपल्यालाच ठाऊक आहे, असे असेल तर ते हातभर अंतर ओलांडण्यास कधी कधी आयुष्य अपुरे पडते. ज्या बाईची ही हकीकत आहे तिला ते ओलांडण्यासाठी अकरा दिवस मिळाले होते.

“थांबा,” असे म्हणून मास्तरांनी पेन्सिल टेबलाच्या कडेवर टेकवली. “पुन्हा भोक पडलं.”

वाचनालयाच्या माडीवरील त्या लांबट खोलीत चौतीस माणसे उभी होती. कुणी कामावरून थेट आलेले होते, कुणाच्या पिशवीतून पावाचे टोक डोकावत होते. मास्तर निवृत्त होण्यापूर्वी शाळेत भूगोल शिकवीत, म्हणून त्यांच्यामागे भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर एकेचाळीस ठिकाणी लाल टाचण्या होत्या. अकरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी, घड्याळाच्या एकाच क्षणाला, त्या एकेचाळीस गावांतील सामान्य माणसे विश्वशांतीचे एकच गीत गाणार होती. आपल्याकडे सायंकाळचे पाच म्हणजे कुठे पहाट आणि कुठे भर दुपार, याचा तक्ता मास्तरांनी स्वतः केला होता आणि तो त्यांना गीताइतकाच प्रिय होता.

गीत कठीण नव्हते. कठीण होता तो त्याचा शेवटचा स्वर. चाळीस अंक मोजून होईपर्यंत तो अखंड राहिला पाहिजे, अशी योजना होती. आणि तेवढा श्वास कुणाही एकट्याच्या छातीत नसतो. म्हणून मास्तरांनी फार पूर्वीच एक रीत घातली होती. प्रत्येकाला एक जोडीदार. एकाने श्वास घ्यावा तेव्हा दुसऱ्याने स्वर धरावा, दुसऱ्याने घ्यावा तेव्हा पहिल्याने; ऐकणाऱ्याला वाटावे की स्वर कधी तुटलाच नाही. आणि जोडी नेहमी एक अलीकडच्या काठाचा, एक पलीकडच्या काठाचा अशीच. यामागे उदात्त हेतू होता असे बाहेरचे लोक समजत; परंतु मास्तर सांगत की ती निव्वळ सोय होती. नदीच्या दोन्ही काठांची प्रार्थना निराळी आणि भांडणे तेवढी सामाईक. एका काठाची माणसे लहानपणापासून एकच प्रार्थना म्हणत वाढलेली, त्यामुळे नकळत एकाच जागी श्वास घेतात. तशी दोघे शेजारी उभी केली की गाण्यात हमखास खळगा पडतो.

आज मात्र खळगा भलत्याच जागी पडत होता. दुसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला; जिथे एकोणीस वर्षांत तो कधी पडला नव्हता.

“माझंच चुकलं, मास्तर,” किल्लीवाले म्हणाले. “श्वास जरा लवकर सुटला.”

किल्लीवाले पलीकडच्या काठाचे. कुलुपे दुरुस्त करणे व किल्ल्या करून देणे हा त्यांचा धंदा. उंच, किंचित वाकलेले, आणि सभेत खुर्ची ओढायची झाली तरी आधी चारी बाजूंना पाहणारे. त्यांच्या जोडीला ज्या बाई होत्या त्यांना सारे टाचणीताई म्हणत. त्या रुग्णालयाच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवीत, आणि ओठांत चार टाचण्या धरूनही गुणगुणत. म्हणून ते नाव.

टाचणीताईंना ठाऊक होते की किल्लीवाल्यांचे चुकले नव्हते. त्यांनी ठरल्या जागीच श्वास घेतला होता. त्या निमिषात स्वर एकट्या ताईंवर आला, आणि ताईंचा गळा मिटला.

मागच्या रांगेत उभे असलेले टपालवाले वातावरण सैल करण्यासाठी म्हणाले, “जाऊ द्या हो मास्तर. एकेचाळीस गावं गाणार, त्यात आपलं एवढंसं भोक कोणाला दिसतंय?”

“एकेचाळीस गावं असंच म्हणाली तर?” मास्तरांनी विचारले, आणि लोक हसले. मग त्यांनी आवाज उतरवून ताईंना सुचवले की वयाबरोबर दम कमी होतो, त्यात लाज नाही; हवी तर जोडी बदलून पाहू.

“नको,” किल्लीवाले घाईने म्हणाले. “ताईंना माझी सवय आहे. मी घरी सराव करतो.”

 त्या मनुष्याने ताईंचा दोष स्वतःवर घ्यावा, आणि तोही इतक्या सहजपणे, हे त्यांना सहन होईना. घाव घालणाऱ्यापेक्षा झाकणारा हात कधी कधी अधिक दुखवतो.

*

तीन महिन्यांपूर्वी पुलावर एक हातगाडी आणि एक मोटार यांची टक्कर झाली. गाडी अलीकडची, मोटार पलीकडची. शब्दाने शब्द वाढला, आणि दिवे लागण्याच्या सुमारास पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी असलेले सायकलचे दुकान पेटवले गेले. दुकानदाराचे दोन्ही हात भाजले. कपडेखोलीची खिडकी त्याच बाजूला होती. रखवालदाराने झडपा लावून घेतल्या होत्या, त्यामुळे ताईंना दिसले काहीच नाही. परंतु त्यांनी ऐकले. गर्दीच्या गोंगाटातून एक तरुण आवाज वर आला, “पेटवा,” आणि त्या शब्दाच्या आधी कुणीतरी छातीत अडकवून घेतल्यासारखा एक आखूड श्वास घेतला.

तो श्वास ताई ओळखत होत्या. एकोणीस वर्षे तो त्यांच्या डाव्या कानाशी होता. किल्लीवाले अगदी तसाच श्वास घेत. आणि आवाज तरुण होता, म्हणजे तो त्यांचा मुलगा.

ताईंच्या कानाची गावभर ख्याती होती. शिलाई यंत्राची सुई बोथट झाल्याचे त्यांना कापडावर दिसण्याआधी ऐकू येई. जिन्यावरच्या पावलांवरून कोणता डॉक्टर चढतो आहे आणि तो काल झोपला की नाही, हेही त्या सांगत. दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने त्यांना विचारले की त्यांनी कुणाला पाहिले काय. नाही, त्या म्हणाल्या, पण ऐकले. खात्री आहे? अधिकाऱ्याने विचारले. त्यावर ताईंनी जे उत्तर दिले ते पुढे दोन्ही काठांवर सर्वांच्या तोंडी झाले: “माझा कान चुकत नाही.”

मुलगा लिफ्टच्या कारखान्यात उमेदवारी करीत होता. त्याला तेथून उचलून नेण्यात आले. तो सव्वीस दिवस कोठडीत होता. सत्ताविसाव्या दिवशी कारखान्याच्या हजेरीपत्रकावरून आणि तीन सोबत्यांच्या जबानीवरून सिद्ध झाले की त्या सायंकाळी तो चार मैल दूर, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, अडकलेल्या लिफ्टची दोरी सोडवीत होता. त्याला सोडले. उमेदवारी मात्र तोवर दुसऱ्याला गेली होती.

ताईंची चूक प्रामाणिक होती, असे सर्वांनी मानले. चूक कुणाकडून होत नाही? मंडळीत कुणी त्यांना शब्दाने दुखावले नाही. किल्लीवाले तर पुढच्याच आठवड्यात येऊन आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, “बरं आहे ना, ताई?”

परंतु एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. मुलाला नेल्याच्या पाचव्या दिवशी, कपडेखोलीच्या दारावरून एका रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी नेत होते. त्याला नेणारा पोरगेलासा कामगार अलीकडचाच, ताईंच्या गल्लीतला, कामावर नुकताच लागलेला. “वाट द्या,” असे तो ओरडला, आणि ओरडण्याआधी त्याने श्वास घेतला. आखूड, छातीत अडकवलेला. अगदी तोच.

ताईंचे यंत्र थांबले. पायाखालची पट्टी दाबायचे त्यांचे पाय विसरले.

त्या क्षणी त्या उठून गेल्या असत्या तर ही कथा येथेच संपली असती. त्या उठल्या नाहीत. आज शुक्रवार, कचेरी लवकर बंद होते, असे त्यांनी मनाशी म्हटले. मग शनिवार आला. मग अधिकारी काही दूधखुळे नाहीत, त्यांना सत्य सापडेलच, असे म्हटले. मग आता सांगितले तर गल्लीतले म्हणतील की बाई फिरली, पलीकडच्यांनी तिला वश केले. आणि या सर्व कारणांच्या तळाशी, जिथे त्या स्वतःही क्वचितच पाहत, एक लहानसे कारण होते: त्यांचा कान चुकला हे त्यांना मान्य करायचे नव्हते. एकेक दिवस दुसऱ्या दिवसाच्या आड उभा राहिला. असे एकवीस दिवस गेले.

*

त्या सरावानंतर घरी परतल्यावर ताईंनी हे सारे आपल्या पतीला सांगितले. ते चाळीस वर्षे बस चालवून निवृत्त झाले होते आणि आता खिडकीशी बसून इतरांच्या चालवण्याला नावे ठेवीत. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले, हेच मुळी नवल.

“अगं, पण सुटला ना तो?” शेवटी ते म्हणाले.

“सुटला. माझ्यामुळे नाही सुटला.”

त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे पाहिले. मग म्हणाले, “नवीन मार्ग मिळाला की माझं व्हायचं असं. चुकीच्या रस्त्याला गाडी घातली की पहिल्या वळणालाच कळायचं. पण मागे घ्यायची लाज. भरलेली गाडी, सगळे बघणार. मग तसाच दामटायचो. चार थांबे.”

“मग?”

“मग काय, मी आरामात बसलेलो असायचो. चालत परत जावं लागायचं ते लोकांना.”

 ताई म्हणाल्या की हे किल्लीवाल्यांना सांगितले तर एकोणीस वर्षांची जोडी तुटेल. पुन्हा त्यांच्या शेजारी उभे राहता येणार नाही.

“आत्ता राहता येतंय?” पतीने विचारले, आणि चष्मा पुसायला घेतला.

*

किल्लीवाल्यांचे दुकान पलीकडच्या काठावर, दोन भिंतींच्या मध्ये दाराएवढ्याच रुंदीचे होते. ताई पोहोचल्या तेव्हा ते शिकंजात धरलेल्या एका किल्लीवर कानस फिरवीत होते. आतल्या बाजूला, पडद्यापलीकडे, यंत्राचा आवाज चालू होता. त्यांनी ताईंना पाहताच स्टूल झाडून पुढे केले. ताई बसल्या नाहीत. बसले की आधी प्रकृतीच्या गोष्टी होतात, मग हवेच्या, आणि मग निघायची वेळ होते, हे त्यांना ठाऊक होते.

“भाऊ, मला पाचव्या दिवशीच शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “तो आवाज तुमच्या मुलाचा नव्हता, अशी. आणि मी बोलले नाही.”

कानस दोन वेळा आणखी फिरली, जणू ऐकलेले हातापर्यंत पोहोचायला वेळ लागला. मग ती थांबली.

ताईंनी सर्व सांगितले. त्या कामगाराचा श्वास, शुक्रवारची कचेरी, शनिवार, गल्ली. काहीही गाळले नाही. शेवटी त्या म्हणाल्या की तो श्वास त्यांना किल्लीवाल्यांच्याच घराण्याचा वाटला होता. त्यांच्या शेजारी इतकी वर्षे ऐकला, म्हणून.

किल्लीवाल्यांनी किल्ली शिकंजातून काढली, तिच्याकडे पाहिले आणि खाली ठेवली.

“ताई, तो आमच्या घराण्याचा श्वास नाही,” ते म्हणाले. “तो घाबरलेल्या माणसाचा आहे. कुणीही घाबरला की असाच घेतो. मी घाबरतो. लोकांपुढे उभं राहायचं म्हटलं की माझी छाती अशी धरते. एकोणीस वर्षं धरते. तुम्ही शेजारी असता म्हणून मी उभा राहतो.”

 ज्या गोष्टीला ताईंनी इतकी वर्षे एका मनुष्याची खूण मानले होते ती त्याची भीती होती, आणि ती भीती आपल्या आधाराने उभी होती, हे त्यांच्या सूक्ष्म कानाला कधी ऐकू आले नव्हते.

आतले यंत्र बंद झाले होते. पडदा सरला आणि मुलगा बाहेर आला. चोवीस वर्षांचा, बापाएवढाच उंच. तो लहान असताना सरावाच्या वेळी लोकांच्या कोटांच्या ढिगावर झोपत असे, आणि ताई त्याच्या अंगावर आपली शाल टाकीत. त्याचा आवाज आता इतका हळू होता की ताईंना पुढे वाकावे लागले.

“आत्या, सहाव्या दिवशी मी बाबांना म्हटलं होतं, आत्याला घेऊन या. माझं बोलणं तिनं समोर ऐकलं की ती लगेच सांगेल, हा नव्हे म्हणून.”

“मीच आलो नाही,” किल्लीवाले खालमानेने म्हणाले. “म्हटलं, ताईंना उगाच अवघड वाटायचं.”

 बाहेर एक गिऱ्हाईक आले, आत डोकावले आणि पुढे गेले.

“तुला काय हवं ते सांग,” ताई शेवटी म्हणाल्या. “माफी मागते, पण माफी मागून तुझी उमेदवारी परत येत नाही.”

“उमेदवारीचं राहू द्या. मिळेल दुसरी.” तो थांबला. “लोक म्हणतात, हजेरीपत्रक काय, कुणीही लिहितं. पण बाईंचा कान चुकत नाही. मी बसमध्ये नुसतं ‘दोन द्या’ म्हटलं तरी पुढचे मागे वळून बघतात. म्हणून मी बोलतच नाही आता. बोट दाखवतो.”

मग त्याने बापाकडे पाहिले, आणि किल्लीवाल्यांनी मुलाच्या मनातले पुरे केले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. कुलूप कसे उघडेल हे सांगताना असावी तशी नेमकी शांतता होती. “ताई, आम्हाला सांगितलंत, बरं केलंत. पण आमची खात्री आधीपासूनच होती. जिथं तुमच्या कानाला मान आहे, तिथं सांगा.”

*

रविवारी वाचनालयासमोरच्या सभागृहात दोन्ही काठांची माणसे जमली. पुलावरच्या प्रकारानंतर अशी पहिलीच वेळ. दोन्ही काठ बसले मात्र मधली वाट सोडून, एक उजवीकडे, एक डावीकडे. कुणी तसे सांगितले नव्हते. सायकलच्या दुकानदाराला पहिल्या रांगेत बसवले होते, त्याच्या हातांवर अजून पातळ पट्ट्या होत्या. किल्लीवाल्यांचा मुलगा सर्वांत मागे, दाराशी उभा होता.

पाच वाजण्यास सहा मिनिटे असताना ताईंनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले की गाण्याआधी त्यांना बोलायचे आहे. मास्तरांनी घड्याळ पाहिले. ते कठोर नव्हते, पण एकेचाळीस गावांचा तक्ता त्यांच्या खिशात होता. गाणे झाल्यावर बोला, ते म्हणाले. नाहीतर उद्या निवांत बोला. आज आनंदाचा दिवस. ताई म्हणाल्या की गाणे झाल्यावर सांगितले तर गाणे खोटे ठरेल.

“पाच वाजता सगळं जग सुरू करणार, ताई,” मास्तर काकुळतीने म्हणाले. “जग थांबणार नाही.”

“मग जाऊ दे पुढे,” ताई म्हणाल्या. “आपण मागून येऊ.”

मास्तरांनी तक्ता खिशातून काढला, त्याच्याकडे एकवार पाहिले, पुन्हा घडी घातली आणि वाट दिली.

ताई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. रुग्णालयात यंत्राच्या आवाजावर बोलायची सवय असल्याने त्यांचा आवाज शेवटपर्यंत पोहोचत असे. त्या फार बोलल्या नाहीत. त्या सायंकाळी आपण काय ऐकले, कुणाचे नाव घेतले, आणि पाचव्या दिवशी काय झाले, हे त्यांनी क्रमाने सांगितले. त्या कामगाराचे नाव सांगितले नाही. त्याच्या श्वासाने त्याचा काही अपराध सिद्ध होत नव्हता, तो केवळ घाबरलेला होता. नंतर त्यांनी एकवीस दिवसांचे सांगितले. तेव्हा डावीकडून, त्यांच्याच काठाच्या बाजूने, कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणाले की ही आपली आहे की त्यांची. एक गृहस्थ, ताईंच्या समोरच्या घरात राहणारे, खुर्ची आवाज करीत मागे सारून निघून गेले. ताई त्यांची पावले दाराबाहेर जाईपर्यंत थांबल्या आणि मग शेवटचे वाक्य बोलल्या.

“माझा कान चुकत नाही, असं मी म्हटलं होतं. तो चुकला. आणि चुकला हे कळल्यावर मी गप्प बसले, ती चूक नव्हती, ते मी जाणून केलं. हा मुलगा तिथं नव्हता. कुणाला अजून माझ्या कानावर विश्वास असेल, तर त्यानं हे माझ्या तोंडून ऐकून घ्यावं.”

टाळ्या वाजल्या नाहीत, आणि वाजायला नकोच होत्या. सायकलच्या दुकानदाराने पट्ट्या बांधलेले हात मांडीवरून उचलले व पुन्हा ठेवले. त्याचे दुकान कुणी पेटवले हे त्याला आता पूर्वीपेक्षाही कमी ठाऊक होते. तरी तो मागे वळला, दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे त्याने नीट पाहिले आणि मान लववली.

ताई दुसऱ्या रांगेत आपल्या जागी परत आल्या. किल्लीवाले सरकले नाहीत. फक्त दोघांच्या मध्ये धरायचा गीताचा कागद त्यांनी ताईंच्या बाजूला थोडा अधिक झुकवला, कारण ताईंच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्यांना अक्षरे दिसत नसावीत.

पाच वाजून चार मिनिटांनी त्या गावाने गायला सुरुवात केली. चाळीस गावे तोवर पहिले कडवे संपवून पुढे गेली होती. त्यांचा स्वर अर्थातच येथे ऐकू येत नव्हता. परंतु पुढे कुणीतरी गात आहे आणि आपण मागून चाललो आहोत, ही जाणीव त्या गाण्याला एक वेगळीच नम्रता देऊन गेली. गाणे निर्दोष झाले नाही. मधल्या कडव्यात टपालवाले एक ओळ आधीच पुढे गेले आणि खजील होऊन परत आले. मग शेवटचा स्वर आला. किल्लीवाल्यांनी श्वास घेतला, आखूड, छातीत अडकवलेला. आणि ताईंनी तो ऐकला, त्यात भीती आहे हे या वेळी जाणून ऐकला, आणि त्या भीतीच्या खाली आपला स्वर धरून राहिल्या. मोजणी चाळीसपर्यंत गेली. मास्तर चाळीसवर थांबायचे विसरले, म्हणून बेचाळीसपर्यंत.

सभा उठली. बाहेर पडायला एकच दार होते, त्यामुळे उजवीकडचे आणि डावीकडचे त्या दाराशी मिसळणे भाग होते. दाराबाहेर एक खोल पायरी होती, अंधारू लागले होते, आणि गर्दीत एक वृद्ध बाई काठी टेकीत पुढे येत होती. किल्लीवाल्यांच्या मुलाने जड दार तळहाताने उघडे धरले होते. बाई पाय टाकणार इतक्यात तो मोठ्याने म्हणाला:

“पायरी आहे, आजी. जपून.”

त्याचा आवाज खणखणीत होता, बापापेक्षा मोकळा. गर्दीतील दोघांनी दचकून मागे पाहिले. बाकीच्यांनी खाली, पायरीकडे पाहिले आणि जपून उतरले. सर्वांच्या मागून ताई आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, त्याने त्यांच्याकडे नाही. परंतु त्या पायरी उतरून रस्त्यावर पोहोचेपर्यंत त्याने दार सोडले नाही.

ज्याचा आवाज त्याला परत मिळाला, त्याला तो दीर्घकाळ लाभो. जी उशिरा बोलली, तिला यापुढे वेळेवर बोलण्याचे बळ मिळो. जो एकोणीस वर्षे घाबरत उभा राहिला, त्याच्या शेजारी सदैव कुणी असो. खुर्ची सारून जो उठून गेला, त्याचीही वाट सुखाची होवो. आणि त्या सायंकाळी जे पुढे गात गेले व जे मागून गेले, त्या सर्वांचे कल्याण असो.